आठ्यांचा कारभार

मराठी घरातले कायदे तोंडी असतात आणि त्यांची अंमलबजावणी कपाळावरून होते. पाहुण्यांसमोर ठेवलेल्या ताटलीतल्या चौथ्या चकलीकडे हात गेला की आईच्या भुवया एकमेकींच्या जवळ सरकतात. हात मुकाट्यानं मागे येतो आणि पाहुण्यांना पत्ताही लागत नाही. नव्या सुनेनं केलेल्या आमटीचा पहिला घोट घेऊन सासूबाईंनी नुसती डावी भुवई वर नेली, तरी मीठ कमी पडलंय की गूळ, हे सुनेला समजतं. वडिलांच्या कपाळावर किती आडव्या रेघा आहेत ते दारातूनच मोजून, प्रगतिपुस्तक आज सहीला न्यायचं की उद्या, हे ठरवणाऱ्या पिढीतला मी आहे. त्यामुळे आमच्या चौकातल्या स्किन क्लिनिकच्या काचेवर ‘कपाळावरच्या आठ्यांना पंधरा मिनिटांत निरोप द्या!’ असा फलक लागला, तेव्हा मला सौंदर्यापेक्षा कायदा आणि सुव्यवस्थेची काळजी जास्त वाटली.

हा निरोप ज्या औषधानं देतात ते बोटॉक्स. ते बोटुलिनम टॉक्सिन नावाच्या विषापासून करतात आणि माणसाला ठाऊक असलेल्या अतिजहाल विषांत त्याचा नंबर अगदी वरचा आहे. आमच्या ओळखीत हे इंजेक्शन घेतलेल्या ज्या ज्या बायका आहेत, त्या सगळ्या मैदा खात नाहीत. कोबी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, प्लॅस्टिकच्या डब्यात गरम भाजी भरू देत नाहीत आणि ‘केमिकल’ हा शब्द उच्चारतानाही तोंड वाकडं करतात. अर्थात हे इंजेक्शनच्या आधी. नंतर तोंड वाकडं होत नाही.

या विषाची गोष्ट जेवणाच्या ताटात सुरू होते, म्हणून ती आपल्याला परकी वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग भागात लोक सॉसेज खाऊन मरू लागले. मांस नीट शिजवलं नाही आणि हवा न लागता तसंच पडून राहिलं की त्यात एक जिवाणू मजेत वाढतो आणि हे विष तयार करतो. जिवाणूचा शोध तेव्हा लागायचा होता. युस्टिनुस केर्नर नावाच्या तिथल्या डॉक्टरांनी मात्र अशा रोग्यांच्या नोंदी चिकाटीनं जमवल्या आणि १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. केर्नर कवीही होते. त्यामुळे आपल्या निर्मितीचा लोकांवर काय परिणाम होतो हे पाहायची त्यांना सवय असणार. पण या खेपेला त्यांनी ते विष स्वतःच चाखून पाहिलं, जे कवी सहसा करत नाहीत. वर असंही लिहून ठेवलं, की अगदी अल्प प्रमाणात दिलं तर ज्यांची मज्जासंस्था गरजेपेक्षा जास्त उत्साही आहे, त्यांना हे औषध म्हणून लागू पडेल.

पुढे १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावात एका मयताला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी जेवणात खारवलेलं हॅम खाल्लं आणि त्यातले तिघे दगावले. उरलेल्या हॅममधून एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञानं तो जिवाणू शोधून काढला. मयताच्या जेवणातही पाहुण्यांना नावं ठेवायला जागा हवी असते हे आपल्याला माहीत आहे. पण इतकं ठोस कारण क्वचितच मिळतं.

मग सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञांनी या विषाला कामाला लावलं. डोळा तिरळा होतो तो एक स्नायू जास्त ओढतो म्हणून. त्या स्नायूला थोडं विष देऊन सैल केलं तर ऑपरेशन टळेल, असा त्यांचा विचार. माकडांवरचे प्रयोग त्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले आणि १९८९ साली तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप मिटत राहण्याच्या विकारासाठी अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. त्या मान्यतेत सुरकुत्यांचं नावही नव्हतं.

सुरकुत्यांचा शोध लागला तो एका रागावलेल्या पेशंटमुळे. कॅनडातल्या व्हँकूवर शहरात जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ आणि त्यांचे यजमान ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. १९८७ साली जीनबाईंच्या एका पेशंटनं तक्रार केली, की या वेळी तुम्ही दोन भुवयांच्या मध्ये इंजेक्शन दिलंच नाही. तिथे गरज नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पेशंटबाई म्हणाल्या, तिथे दिलं की माझा चेहरा कसा निवांत दिसतो. जीनबाईंनी ही गोष्ट घरी यजमानांना सांगितली आणि यजमानांनी ती ऐकली. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात नवऱ्यानं बायकोचं बोलणं पहिल्याच वेळी नीट ऐकल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टच्या कपाळावर प्रयोग झाला. सुरुवातीला विषाचं नाव ऐकून कुणी पुढे येईना, म्हणून जीनबाईंनी ते स्वतःलाही टोचून घेतलं आणि पुढे त्या सांगत राहिल्या, की १९८७ पासून आपल्या कपाळाला आठी पडलेली नाही. दोघांचा शोधनिबंध १९९२ साली आला आणि एप्रिल २००२मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या रेघांसाठी अधिकृत परवानगी मिळाली. २०१३ साली डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या मंजूर झाल्या, २०१७ साली कपाळाच्या आडव्या रेघा. सरकारी मंजुरी वरून खाली यावी अशी आपली समजूत. इथे ती मधून सुरू झाली आणि कडेनं फिरून वर गेली.

आता हे चालतं कसं? मेंदूनं आठी घालायचं ठरवलं की नसेतून हुकूम निघतो. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि ते स्नायूला सांगतं, आकुंचन पाव. बोटॉक्स नसेच्या टोकात शिरून एका प्रथिनाचा तुकडा पाडतं आणि ते रसायन सुटेनासं होतं. मंत्रालयातून जीआर निघावा आणि तालुक्याला पोचूच नये, तशी कपाळाची अवस्था होते. तीन-चार दिवसांत परिणाम जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पुरता दिसतो. मग तीन-चार महिन्यांत नस आपला मार्ग पुन्हा मोकळा करते आणि आठी परत येते. जीआरचं तसं नसतं.

मोजमाप युनिटमध्ये. मूळ विष नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, म्हणून युनिट हा वेगळा हिशेब. तो ठरवताना शास्त्रज्ञांनी उंदरांकडे पाहिलं. जेवढी मात्रा पोटात टोचली तर निम्मे उंदीर मरतात, तेवढी एक युनिट. भुवयांच्या मध्ये पाच ठिकाणी चार-चार, अशी वीस युनिटं देतात. माणसाच्या वजनापुढे ही मात्रा किरकोळ असते, काळजीचं कारण नाही. पण हा हिशेब मी आमच्या धाकट्या मावशीला समजावून सांगितला, तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, “म्हणजे माझ्या कपाळात दहा उंदीर मारणार? आणि उरलेले दहा?” गणपती जवळ आले होते. तिला वाहनाचा विषय जिव्हारी लागला.

तरी ती गेली, कारण मुलाचं लग्न ठरलं होतं आणि फोटोग्राफर ड्रोन आणणार होता. ड्रोननं कपाळ वरून दिसतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. काकांनी ‘पैसे देतो, साक्षीला येणार नाही’ असं जाहीर केलं, म्हणून सोबत मी.

डॉक्टरीण तिशीतली, गोड बोलणारी. मावशीनं आधी दर विचारला. युनिटावर असतो म्हटल्यावर सुटं अर्धं युनिट मिळेल का, तेही विचारून घेतलं. मग डॉक्टरीण पांढरी पेन्सिल घेऊन म्हणाली, “काकू, आता जरा रागावून दाखवा.” खुणा कुठे करायच्या ते स्नायू आकसल्याशिवाय कळत नाही. मावशी हसली. “असं कसं बाई रागावणार? कारण नको का काही?” डॉक्टरीण म्हणाली, “एखाद्या नावडत्या माणसाची आठवण काढा.” मावशीनं डोळे मिटले, निवडीला वाव जास्त असल्यामुळे गोंधळली आणि पुन्हा हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून काका विचारत होते, “अगं, कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस? आणि डाळ किती मिनिटं? आणि डाळ कुठली?” त्या तीन प्रश्नांत मावशीच्या कपाळावर अशी काही सणसणीत आठी उमटली, की डॉक्टरीणबाईंनी पाचही खुणा एका दमात करून घेतल्या. इंजेक्शनं व्हायला त्याहून कमी वेळ लागला.

निघताना सूचना मिळाल्या. चार तास आडवं पडायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, वाकायचं नाही. “देवाला वाकून नमस्कार?” “आज नको.” “सासूबाईंना?” “आज नको, काकू.” मावशीच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरला. औषधाचा परिणाम तर अजून सुरूही व्हायचा होता.

खरी मौज लग्नात झाली. मुलीच्या आईनंही त्याच सुमारास हे करून घेतलं होतं. म्हणजे मांडवात दोन विहिणी समोरासमोर, दोघींची कपाळं संगमरवरी. दुपारी मानपानाच्या वेळी मावशीला दिलेली पैठणी खरी नसून सेमी निघाली. मावशी रुसली. आमच्याकडच्या विहिणीचा रुसवा ही रीतसर गोष्ट आहे. आधी चेहरा उतरतो, मग कुणीतरी ‘विहीणबाई रुसल्या’ म्हणून ओरडतं, मुलीकडची माणसं धावतात, हातापाया पडतात, काहीतरी वाढवून देतात आणि पंगत पुढे सरकते. इथे मावशी तीन तास रुसून बसली आणि एक माणूस फिरकला नाही, कारण रुसवा दिसलाच नाही. उलट दोन-तीन बायका येऊन ‘किती प्रसन्न दिसताय!’ म्हणून गेल्या. शेवटी तिला तोंड उघडून शब्दांत सांगावं लागलं आणि शब्दांत सांगितल्यावर जे होतं ते झालं. आठीनं पाच मिनिटांत मिटलं असतं, ते प्रकरण पुढच्या संक्रांतीपर्यंत चाललं. पलीकडच्या विहीणबाईही सकाळपासून रागावल्याच होत्या, हे आम्हाला अल्बम आल्यावरही कळलं नाही. व्याह्यांनी नंतर फोनवर सांगितलं.

पुरुष यातून सुटलेत असं मानू नये. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची सारी सत्ता त्यांच्या दोन भुवयांमधल्या दोन उभ्या रेघांत होती. थकबाकीदार लिफ्टमध्ये शिरला की ते नुसतं बघायचे, आणि तो दुसऱ्या मजल्यावरच उतरून जिन्यानं सहाव्यावर जायचा. लेकीच्या आग्रहानं त्यांनी त्या दोन रेघा काढून टाकल्या. पुढच्या वार्षिक सभेत त्यांनी पार्किंगवरून कडाडून भाषण केलं. आवाज तोच, मुद्दे तेच, पण चेहरा असा की कुणाचं तरी अभिनंदन चाललंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या तिमाहीत मेंटेनन्स कुणीही वेळेवर भरला नाही.

यात लोकांचा दोष नाही. चार्ल्स डार्विननं १८७२ साली चेहऱ्यावरच्या भावांवर आख्खं पुस्तक लिहिलं. आठी म्हणजे केवळ राग नव्हे, विचारात किंवा कामात काही अडथळा आला की ती पडते, असं त्याचं निरीक्षण आहे. आयकराचा फॉर्म, शब्दकोडं, भाचीच्या वर्गातलं नवं गणित, यांपुढे बसलेला माणूस आठवा. पण समोरच्याच्या मनातलं ओळखण्यासाठी आपणही नकळत त्याचा चेहरा थोडा उचलत असतो, असं संशोधकांचं म्हणणं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भुवयांमध्ये इंजेक्शन घेतलेल्यांना रागाची आणि दुःखाची वाक्यं वाचायला आधीपेक्षा किंचित जास्त वेळ लागला. आनंदाची वाक्यं मात्र पूर्वीच्याच वेगानं वाचली गेली. दुसऱ्याच वर्षी आलेल्या आणखी एका अभ्यासात, बोटॉक्स घेतलेली माणसं दुसऱ्यांचे भाव ओळखण्यात थोडी मागे पडली. म्हणजे आठी घालता न येणाऱ्याला दुसऱ्याची आठी वाचायलाही जरा जड जातं. सेक्रेटरींनी लावलेली कडक नोटीस इतके दिवस कुणी वाचत का नाही, याचा उलगडा मला इथे झाला. आमच्या इमारतीत क्लिनिकला जाऊन आलेले ते एकटेच नसणार.

आपल्याकडे चेहऱ्याचा हिशेब डार्विनच्या फार आधी झाला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नुसत्या भुवयांच्या सात हालचाली सांगितल्या आहेत आणि नजरेचे छत्तीस प्रकार. सातांपैकी एक ‘सहज’, म्हणजे भुवई जागच्या जागी स्वस्थ असणं. भरपूर इंजेक्शन घेतल्यावर तेवढी एकच शिल्लक उरते. आपल्या मालिकांची अडचण यातूनच झालेली आहे. खलनायिकेला धक्का बसतो, कॅमेरा तीन वेळा तिच्या कपाळावर धावून जातो, वीज कडाडते, तबला-सारंगी-ड्रम सगळे एकदम उठतात आणि भुवई तिथल्या तिथे. अभिनयाचा सगळा भार संगीतावर पडलाय. घरी बसलेल्या आमच्या आजीला वाटतं, बाईला बातमी आधीच कळली होती.

या बाबतीत उंटांचे परीक्षक जास्त कडक निघाले. सौदी अरेबियात राजाच्या नावानं उंटांची सौंदर्यस्पर्धा भरते. लांब लोंबते ओठ, मोठं नाक, डौलदार मदार पाहतात आणि बक्षिसं कोट्यवधी डॉलरची असतात. २०१८ साली तिथे १२ उंट बाद झाले, कारण मालकांनी त्यांना बोटॉक्स टोचलं होतं. २०२१ साली ४०हून अधिक उंट बाद झाले. ओठ जास्त लोंबावेत म्हणून हा उपद्व्याप. माणसाचे ओठ-पापण्या लोंबू नयेत म्हणून डॉक्टर जपतात, उंटाचे ओठ लोंबावेत म्हणून मालक पैसे देतात. आपल्याकडे हा नियम लग्नाच्या हॉलच्या दारात लावला तर वऱ्हाडाची निम्मी पहिली रांग रिकामी होईल.

हे औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सतत मिटणारे डोळे उघडले ते याच्यामुळे. जुनाट अर्धशिशीवर, काखेतल्या अतिघामावर, पक्षाघातानंतर आखडलेल्या हातावर डॉक्टर तेच वापरतात. आणि आरशात स्वतःचा चेहरा जरा निवांत दिसला तर त्यात गुन्हा काय? साठ वर्षं दुसऱ्यांच्या शिट्ट्या शोधून देणाऱ्या बाईला चार महिने मोकळं कपाळ मिळालं, तर ते तिच्या हक्काचं आहे. माझी तक्रार फक्त उपचाराच्या जागेविषयी आहे. आठी उमटते एकाच्या कपाळावर आणि तिचं कारण बसलेलं असतं दुसऱ्या खुर्चीत, पेपर वाचत. मावशीनं त्या दिवशी क्लिनिकमधून परतीच्या वाटेवर डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलंच, की हेच इंजेक्शन जिभेला देतात का. स्वरयंत्राच्या एका विकारात ते घशात देतात, असं उत्तर मिळालं. “नाही, मला नकोय,” मावशी म्हणाली, “घरी एक आहेत.”

तेव्हा ज्यांना घ्यायचं त्यांनी खुशाल घ्यावं. मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडून किंवा प्लास्टिक सर्जनकडूनच घ्यावं, कुपीचं सील डोळ्यांसमोर फोडून घ्यावं. मेकअप आणि मेंदीच्या पॅकेजमध्ये पार्लरवाली ‘हेही करून देते’ म्हणाली तर मेंदीवर थांबावं. अमेरिकेत २०२४ साली बनावट किंवा अनाडी हातांनी टोचलेल्या इंजेक्शनांमुळे बऱ्याच राज्यांत बायका आजारी पडल्या, काहींना इस्पितळात न्यावं लागलं. चांगल्या हातांनीही कधी पापणी काही आठवडे खाली येते. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, स्नायूंचा काही आजार असेल, तर आधी सांगा. लग्नासाठी करायचं तर निदान पंधरा दिवस आधी करा आणि विहीणबाईंनी केलंय का, याची गुप्त चौकशी करून ठेवा.

आणि एक विनंती. एकाच घरातल्या सगळ्यांनी एकदम घेऊ नका. आळीपाळीनं घ्या, हवं तर वेळापत्रक करा, पण कोणत्याही वेळी घरातलं एक तरी कपाळ चालू स्थितीत ठेवा. चौथ्या चकलीवरचा हात मागे घ्यायला मुलांना ते लागतं.